सायकल जिथे थांबते तिथून वर

अण्णा,

गेल्या शनिवारी मी आणि माझी लेक सायकलवरून एका डोंगराच्या पायथ्याशी गेलो, सायकली झुडपांत आडव्या टाकल्या, डोंगर चढलो आणि त्याच दिवशी परत आलो. तुम्हाला यात सांगण्यासारखं काही वाटणार नाही. तुम्ही दर पंधरा दिवसांनी हेच करत होतात, खांद्याला ती खाकी पिशवी लावून, आणि संध्याकाळी आईने "कसं झालं आज?" विचारलं की "काय व्हायचंय?" म्हणून पाय धुवायला मोरीकडे जायचात. इथे मात्र लोक यासाठी रजा काढतात. नकाशे घेतात, आठवडाभर आधीपासून हवामान बघतात, आणि आल्यावर ऑफिसात फोटो दाखवतात. मीही त्यांतलीच झाले आहे.

माझ्या डोक्यात हे खूळ घातलं ते ऑफिसात माझ्यासमोर बसणाऱ्या बाईने. पन्नाशी उलटलेली, यॉर्कशरची, जेवणाच्या सुट्टीतसुद्धा भिंतीला टेकून पोटऱ्या ताणणारी. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरने मला साखर काठावर आहे म्हणून सांगितलं, तेव्हा मी एक जुनी सायकल घेतली आणि मँचेस्टरच्या कालव्याकाठच्या वाटेने ऑफिसला जायला लागले. ते बघून ती एकदा म्हणाली, "नुसती सपाटीवर काय चालवतेस? स्कॉटलंडला जा." मग तिने मला समजावलं. तिकडचे काही डोंगर रस्त्यापासून इतके आत आहेत की पायथ्याशी पोचायलाच अर्धा दिवस चालावं लागतं. पण शिकारीच्या मोठमोठ्या इस्टेटींचे कच्चे रस्ते थेट आतवर जातात. त्यांवर मोटारीला बंदी, सायकलला नाही. "सायकलने आत, पायी वर, सायकलने बाहेर," ती बोटांवर मोजत म्हणाली. "एका दिवसात. रात्रीच्या जेवणाला हॉटेलात." माझ्या अगदी जिभेवर आलं होतं की माझे वडील असंच करायचे. पण मग तिने विचारलं असतं, गिर्यारोहक होते का? आणि मला सगळंच सांगावं लागलं असतं. मी नुसती मान डोलावली.

ते सगळं सांगायची मला सवय राहिलेली नाही, अण्णा. इथे आपली मराठी मंडळी दिवाळीला, गणपतीला जमतात. कुणाचे वडील प्राध्यापक, कुणाचे बँकेत मॅनेजर, कुणाचे पाटबंधारे खात्यात इंजिनियर. पहिल्याच वर्षी मला कुणीतरी विचारलं, मी म्हटलं, "आरोग्य खात्यात होते." "अच्छा, डॉक्टर?" आणि मी चिवड्याच्या डिशकडे वळले. तेवढंच. पुढे ते तसंच रुळलं. माझ्या लेकीनेही ते कधीतरी ऐकलं असणार, कारण शाळेत कुटुंबावर काहीतरी लिहायला सांगितलं तेव्हा तिने लिहिलं की माझे आजोबा खेड्यात डॉक्टर होते. मी ते वाचलं, स्पेलिंगच्या दोन चुका सुधारल्या आणि वही परत दिली.

एकच दिवस मी तुमच्याबरोबर आले होते. मे महिना, मी दहा वर्षांची. हट्ट माझाच होता. अजून उजाडायचं आहे, तुम्ही पँटच्या पायांना सुतळी बांधताय, आई फडक्यात भाकरी आणि कांदा बांधून देतेय. मी कॅरियरवर बसते, पिशवी माझ्या मांडीवर. आतल्या काचपट्ट्या किणकिणतात आणि तुम्ही मागे न बघता म्हणता, "पिशवी हलवू नको." घाटाच्या पायथ्याच्या गावात मुलं तुम्हाला बघून पळतात. "हिवतापवाले आले, सुई आली!" मला आधी मजा वाटते, मग थोडी लाज वाटते, कारण त्यांच्यातली एक माझ्याएवढीच आहे आणि माझ्याकडे बघून तिने जीभ दाखवली आहे. तुम्ही एकेका घरात जाऊन ताप आहे का विचारता, असेल त्याचं बोट टोचून काचेवर थेंब घेता, भिंतीवरच्या तक्त्यात तारीख घालता. मग कुंभाराच्या पडवीत सायकल लावता आणि आपण चढायला लागतो.

चढ किती होता ते आता आठवत नाही. माझ्या पायांत सपाता होत्या आणि टाचेला फोड आला होता एवढं आठवतं. पठारावर पोचेपर्यंत मी लंगडत होते. तिथे धनगरांची चार-पाच घरं होती, ती तुम्ही उरकलीत. मला वाटलं झालं. तेव्हा तुम्ही म्हणालात, "अजून एक घर राहिलंय. दरीच्या पलीकडे. तिथे एक बाई तापाने पडलीय, मागच्या खेपेचं तिचं रक्त खराब निघालं. गोळ्या द्यायच्यात." मी म्हटलं, मी येते. तुम्ही माझी टाच बघितलीत. "तू इथे बस. या आजींकडे." आणि उत्तराची वाट न बघता तुम्ही निघालात. तुमचा पांढरा शर्ट करवंदीच्या जाळ्यांमागे दिसेनासा झाला तिथवर मी बघत होते.

त्या धनगर आजीने मला ताक दिलं. ती बोलायची ते मला नीट कळत नव्हतं, माझं तिला कळत नव्हतं. ऊन सरकत गेलं. मी चार वेळा उठून कड्यापर्यंत गेले आणि चार वेळा तिने मला हाताला धरून मागे आणलं. मला खात्री पटत चालली होती की तुम्ही दुसऱ्या वाटेने खाली उतरलात आणि मला विसरलात. त्या बाईचं तुम्हाला पडलं होतं, माझं नव्हतं. तुम्ही आलात तेव्हा मी रडत होते. तुमचा शर्ट अंगाला चिकटला होता, एका चपलेचा अंगठा तुटलेला, ती हातात होती. तुम्ही काय म्हणालात ते शब्दन् शब्द आठवतं मला. "डोळे पूस. रडण्यासारखं काय झालं? परत येतो म्हणून सांगून गेलो होतो ना?" आजीसमोर म्हणालात, म्हणून जास्त लागलं. खरं तर सांगून गेलाच नव्हतात.

खाली गावात येऊन आपण सायकल घेतली. सायकलवर मी तुमच्या कमरेला धरलं नाही, सीटखालच्या स्प्रिंगला धरलं. प्रत्येक खड्ड्यात बोटं चिमटत होती आणि मी आवाज काढत नव्हते. पुढच्या महिन्यात तुम्ही तालुक्याहून माझ्यासाठी कॅनव्हासचे बूट आणलेत, दोन बोटं मोठे. "वाढत्या पायाचे आहेत. पुढच्या खेपेला चालतील." मी म्हटलं, मला नाही यायचं. तुम्ही बूट पुन्हा खोक्यात घातलेत. मी ते शाळेत घातले, गॅदरिंगला घातले, पण तुमच्याबरोबर पुन्हा कधी आले नाही. तुम्हीही पुन्हा विचारलं नाही. आपल्या दोघांचं सगळं तसंच होतं. मी इंजिनियर झाले तेव्हा तुम्ही एकदाच म्हणालात, "बरं झालं." आम्ही इथे येऊन आठ महिने झाले असताना तुम्ही गेलात. आमचे पासपोर्ट व्हिसाच्या मुदतवाढीसाठी क्रॉयडनला, इथल्या सरकारी कचेरीत, गेले होते. दादाने फोनवर सांगितलं, "येऊ नकोस, पोचायची नाहीस." त्याला बारा वर्षं झाली.

आता शनिवारचं सांगते. लेक पंधरा वर्षांची आहे. इथे आलो तेव्हा दोन वर्षांची होती, त्यामुळे तिचं मराठी ऐकून तुम्ही हसला असतात. तिच्या बोलण्यात सायकल 'तो' असते आणि डोंगर 'ती'. तिचे बाबा आले नाहीत. त्यांना चढ म्हटलं की पायांआधी कपाळ दुखतं. आदल्या दिवशी गाडीच्या मागे सायकली बांधून आम्ही दोघी त्या गावात जाऊन राहिलो. डोंगराचं नाव लिहीत नाही, मला स्वतःला ते नीट उच्चारता येत नाही. सकाळी निघालो तेव्हा समोरून वारा होता. एका लांबलचक तळ्याच्या काठाने रस्ता जातो, एका बाजूला काळं पाणी, दुसऱ्या बाजूला देवदारासारखी झाडं. तास-दीड तास तेच. मग झाडं संपली आणि मोकळं माळरान लागलं. दगड, चिखल, मध्येच वाहत्या ओहोळातून सायकल ढकलत न्यायची. घोडी चरत होती, बुटकी, केसाळ. लेक पुढे जाऊन थांबायची आणि ओरडायची, "आई, गिअर खाली कर! लोअर! तू उलटा करते!" मला अजून ते गिअर कळत नाहीत. तुमच्या सायकलला होतेच कुठे?

पायथ्याशी एक ओढा आहे. तिथे सायकली टाकल्या. मी दोन्हींना मिळून कुलूप लावत होते तेव्हा ती म्हणाली, "इथे कोण चोरणार, आई? हरीण?" तरी मी लावलं. मँचेस्टरची सवय. मग डोंगराची सोंड धरून वर चढायला लागलो. पहिला तासभर मी तिच्या बरोबरीने होते, खोटं नाही सांगत. मग खडक आले, हातांनी धरून चढायचे, आणि तिथे कुठेतरी माझा डावा गुडघा फिरला. वरच्या सपाटीवर पोचेपर्यंत पाय टेकवला की कळ डोक्यात जात होती. वर सगळं उघडं पठार, वाऱ्याने घासलेलं, आणि एका बाजूला कड्याच्या काठावर मे महिन्यातही बर्फाची ओठासारखी पुढे आलेली कड. शिखर म्हणजे पठाराच्या पलीकडच्या टोकाला दगडांचा एक ढीग. डोळ्यांनी दिसत होता. चालत वीस मिनिटं. माझ्यासाठी वीस मैल.

मी एका मोठ्या दगडाच्या आडोशाला बसले. लेक समोर उभी.

"खूप दुखतो?"

"उतरता येईल. पण आधी थोडं बसू दे."

ती शिखराकडे बघत होती. "आई, मी पटकन जाऊन येऊ? ते बघ, टॉप दिसतोय. माझा जॅकेट लाल आहे, तुला सगळा वेळ दिसेल."

मी नाही म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं तर तिथे हट्ट नव्हता. मी नाही म्हटलं असतं तर ती मुकाट्याने बसली असती. त्या मुकाट्याने बसण्याची मला भीती वाटली, का ते तेव्हा कळलं नाही. मी म्हटलं, "कड्याच्या बाजूला जायचं नाही. बर्फावर पाय ठेवायचा नाही. ढिगाला हात लाव आणि सरळ परत ये."

"प्रॉमिस," ती म्हणाली आणि निघाली.

अण्णा, मी ते लाल जॅकेट बघत होते. आधी माणसाएवढं, मग बाहुलीएवढं, मग करवंदाएवढं. ढिगापाशी ते थांबलं आणि हललं, म्हणजे ती हात हलवत असणार. मीही हात हलवला. आणि मग पश्चिमेकडून ढग आला. कोणी चादर ओढावी तसा, काही आवाज न करता. आधी ढीग गेला, मग लाल ठिपका, मग माझ्यापासून दहा पावलांवरचे दगड. फोनला रेंज नव्हती. पिशवीच्या पट्ट्याला एक शिट्टी असते, ती मी तोंडात धरली आणि फुंकत राहिले. ओठ बधिर झाले. थांबून ऐकायचं, नुसता वारा. पुन्हा फुंकायचं. मला एकच चित्र दिसत होतं, ती बर्फाची पुढे आलेली कड आणि तिच्या खाली काहीच नाही. मी उठले, चार पावलं लंगडत गेले, मग लक्षात आलं की मी जागा सोडली तर ती परत आल्यावर मला कुठे शोधणार? पुन्हा येऊन त्याच दगडाशी बसले. बसून राहणं इतकं अवघड असतं हे मला दहा वर्षांची असताना समजलं होतं. पण तेव्हा मी फक्त माझ्या बाजूने बसले होते.

किती वेळ गेला सांगता येत नाही. नंतर तिने ढिगापाशी काढलेल्या फोटोवरची वेळ बघितली तर पंचवीस मिनिटं. ढगातून आधी आवाज आला, "आई! अगं थांबव ना ती शिट्टी, मला ऐकू येते!" आणि मग ते लाल जॅकेट, चालत, अगदी निवांत, तोंडात चॉकलेट. आणि मी काय केलं असेन? मी ओरडले. "किती वेळ? अक्कल आहे का? ढग आलेला दिसला नाही?" माझे हात इतके थरथरत होते की ते लपवायला मी थर्मास उघडायला लागले आणि झाकण काही फिरेना.

"तूच म्हणाली जा," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मी ढगात थांबली. तू म्हणाली कड्याकडे जायचं नाही, मग मी हललीच नाही. मग शिट्टी ऐकून आली."

मी झाकण फिरवत होते, आणि मला तुम्ही दिसलात, अण्णा. त्या धनगर आजीच्या दारात. आजीने तुम्हाला तांब्या दिला होता आणि तुम्ही तो दोन्ही हातांनी धरलात, तरी पाणी हनुवटीवरून शर्टावर सांडत होतं. मी ते बघितलं होतं. इतकी वर्षं मी ते धरून होते की तुम्ही चिडला होतात म्हणून हात थरथरत होते. चपलेचा अंगठा तसा चालताना तुटत नाही. दरीतून, दगडांतून, तुम्ही पळत आला होतात. त्या बाईला गोळ्या देऊन पलीकडच्या दरीतून सगळी वाट पळत. कड्याच्या काठावर आपण पोरीला सोडून आलो, हे तुम्हाला वाटेत कुठे आठवलं असेल?

मी लेकीला जवळ ओढलं. ती म्हणाली, "तू रडते का?" मी म्हटलं, वारा आहे.

उतरताना ती पुढे झाली आणि मी तिच्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या उतरावं तशी एकेक दगड उतरले. ओढ्यापाशी सायकलींजवळ बसून आम्ही पराठे खाल्ले. तिथे मी तिला सांगितलं. "आजोबा डॉक्टर नव्हते."

"मग काय होते?"

"घरोघर जाऊन तापाच्या माणसांचं रक्त तपासायला घ्यायचे. एक थेंब, काचेवर. मलेरियासाठी. डोंगराच्या पायथ्यापर्यंत सायकलवर आणि मग पायी वर."

तिने सायकलींकडे बघितलं. मग वर, डोंगराकडे. "असं? आपल्यासारखं?"

"असंच. दर पंधरा दिवसांनी. पावसाळ्यातसुद्धा."

"मग डॉक्टर का सांगितला मला?"

"मी सांगितलं नव्हतं. लोकांनी विचारलं, मी नाही म्हटलं नाही."

"सेम थिंग, आई."

मग मी तिला तो दिवस सांगितला, सपाता, फोड, ताक, सगळं. ती पराठा खायची थांबली होती. शेवटी म्हणाली, "आणि ती लेडी? तिला गोळी मिळाली ना? बरी झाली ती?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "मी कधी विचारलंच नाही."

"इतकी वर्षं तू आजोबांवर रागावली, आणि विचारलं पण नाही?" ती रागाने नव्हती म्हणाली. तिला खरंच नवल वाटलं होतं. त्या बाईला नाव असेल, घर असेल, तापात कण्हत ती दारातून तुमच्या शर्टाची वाट बघत असेल. तुम्ही त्यानंतर किती खेपा त्या दरीपलीकडे गेलात, तिचा ताप उतरला की नाही, तिची मुलं होती की नाही, हे एका संध्याकाळी मोरीशी उभं राहून विचारायचं होतं. तुम्ही सांगितलं असतंत. तुम्हाला दुसरं काही बोलता येत नव्हतं, पण तापाबद्दल तुम्ही कितीही वेळ बोलत होतात.

परत येताना वारा पाठीशी होता. गुडघ्याला सायकलवर काही त्रास नव्हता, ओझं पायावर पडत नाही ना. लेक मुद्दाम माझ्या मागे राहिली. माळरानावरून तळ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर मी ब्रेक सोडले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत सुटले. मागून ती ओरडत होती, "आई, स्लो डाउन!" मी हसत होते. तुम्ही उतारावर कधी ब्रेक सोडत होतात का, एकटे असताना? मला वाटतं सोडत असाल. त्या मोकळ्या रस्त्यावर बघायला कोण होतं?

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. घरी दादाला पाठवावं असं क्षणभर वाटलं होतं, पण त्याला याचं काय करायचं ते कळायचं नाही. नकाशाच्या घडीत ठेवते आणि नकाशा कपाटात.

एक मात्र सांगून टाकते. सोमवारी ऑफिसात गेले तेव्हा ती यॉर्कशरची बाई खुर्ची ओढून माझ्याजवळ आली. "मग? गेलीस का टॉपला?" मी म्हटलं, "गेले ना." तिने विचारलं, वर कसं होतं? मी म्हटलं, दगडांचा मोठा ढीग आहे, कुणीतरी त्यात एक निळा हातमोजा खोचून ठेवलाय, आणि ढग आला म्हणून काही दिसलं नाही. हातमोजा लेकीने सांगितलेला. ती खूश झाली, माझ्या पाठीवर थाप मारली, आणि मी कॉम्प्युटर सुरू केला.